कुठल्याच देशाचा जनरल

मास्तरांचा मापाच्या वहीवर जितका विश्वास होता तितका माणसांवर नव्हता. माणूस म्हणतो मी आहे तसाच आहे, आणि पोट दोन इंच पुढे आलेलं असतं. माणूस म्हणतो परवा येऊन नेतो, आणि त्याचा कोट तीन वर्षं हँगरला लटकून दुकानाची शोभा वाढवतो. वही मात्र कधी खोटं बोलली नाही. गिऱ्हाईक उंबऱ्यात दिसलं की मास्तर खुशाली विचारत नसत, पान काढत.

आणि माप घ्यायचं ते उजव्या बाजूचंच. कापड दुहेरी घडी घालायचं, उजवी बाजू खडूने आखायची आणि एका कात्रीत दोन्ही बाजू मोकळ्या करायच्या. एक बाजू मापली की दुसरी आपोआप आली, हा मास्तरांचा सिद्धांत. पस्तीस वर्षांत त्याला आव्हान द्यायची कुणाची छाती झाली नव्हती, आणि ज्यांची झाली असती त्यांच्या छातीचंही माप वहीत होतं.

म्हणून सोमवारी सकाळी मुलगा दुकानाच्या दारात उभा राहिला आणि बापाकडे न बघता इस्त्रीच्या टेबलाकडे बघत म्हणाला, की शुक्रवारी आठच्या आत जनरलचा गणवेश हवाय, तेव्हा मास्तरांचा हात टेपकडे न जाता वहीकडे गेला.

मुलगा तेहतीस वर्षांचा. त्यातली चौदा वर्षं पैसे घेऊन फुटबॉल खेळण्यात गेलेली. डाव्या पायाने मारायचा म्हणून गल्ली त्याला डावरा म्हणे. गेले सात महिने मात्र तो घरातल्या सोफ्यावर, एकाच ढगळ पायजम्यात, दुसऱ्यांच्या मॅचेस बघत बसलेला असे. डॉक्टर म्हणाले, गुडघा संपला. क्लब म्हणाला, आभारी आहोत. दोन ठिकाणी नोकरीला विचारून झालं. दोन्हीकडे सह्या घेतल्या, फोटो काढले आणि परत पाठवलं.

अशात एका मालिकेच्या दिग्दर्शकाला तो आठवला. दोन गोल खाल्ल्यावरही हा पोरगा मैदानात असा उभा राहायचा, जसं काही समोरचेच हरताहेत. ते उभं राहणं दिग्दर्शकाला हवं होतं. मालिकेत एक जनरल आहे, पहिल्या दोन भागांत त्याने फक्त गच्चीत उभं राहून खाली बघायचं. जमलं तर मग वर्षभराचं काम. गणवेश शिवणारा आजारी पडला होता. दिग्दर्शक म्हणाला, तुझे वडील शिंपीच ना? शुक्रवारी आठला गणवेश आण, वर परवानगीचा शिक्का आण. नाहीतर माझ्याकडे तयार माणूस आहे.

"विचार त्याला, कोणत्या देशाचा जनरल," मास्तर म्हणाले. हे ते बायकोला म्हणाले, जी तिथेच काजं करत बसली होती. मुलगा हाताच्या अंतरावर होता.

"आई, सांग, कुठल्याच नाही. देश काल्पनिक आहे. पण बघताक्षणी जनरल वाटला पाहिजे."

बाई दोघांच्या मधे बसून काज करत राहिल्या. गेली चौदा वर्षं त्या घरात टपाल खात्याचं काम करत होत्या आणि आता निरोप प्रत्यक्ष पोचवण्याची गरजही उरली नव्हती. त्या नुसत्या हजर असल्या की पुरे. कारण जुनं होतं. मुलगा एकोणीस वर्षांचा असताना मास्तरांनी त्याला बँकेच्या मुलाखतीसाठी सूट शिवला होता, आयुष्यातला सगळ्यात चांगला. पोरगा तो घालून घरून निघाला, बँकेच्या दारावरून गेला आणि क्लबच्या निवड चाचणीत जाऊन खेळला. संध्याकाळी घरी आला तेव्हा निवड झालेली होती आणि सुटाच्या गुडघ्यांना चिखल होता. मास्तर निवडीबद्दल काहीच बोलले नाहीत. चिखलाबद्दल बोलले. तेव्हापासून निरोप सुरू झाले.

"माप घ्या त्याचं," बाई म्हणाल्या.

"आहे माझ्याकडे," मास्तर म्हणाले आणि वहीतलं चौदा वर्षांपूर्वीचं पान उघडलं. "उंची वाढायचं वय तेव्हाच संपलं होतं."

मुलगा टेपकडे एकदा बघून सोफ्यावर परत गेला.

मंगळवारी कापड आलं, हिरवट करडं, जाड. मास्तरांनी घडी घालून एका कात्रीत उडवलं. शिवण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. अडचण खांद्यांची होती. जनरलच्या खांद्यावर नेमकं काय असतं?

हा प्रश्न त्यांनी चुकून मोठ्याने विचारला, आणि गल्लीत प्रश्न मोठ्याने विचारला की तो आपला राहत नाही. पहिले आले कर्नल. कर्नल हे टोपणनाव. लष्करात ते बावीस वर्षं मुदपाकखान्यात होते. पण त्यांच्या हातचं सगळ्या हुद्द्यांनी खाल्लेलं असल्यामुळे हुद्द्यांवर त्यांचा अधिकार होता. त्यांनी खुर्ची ओढून मास्तरांना समजावलं, की मेजर हा लेफ्टनंटपेक्षा मोठा, पण मेजर जनरल हा लेफ्टनंट जनरलपेक्षा लहान. मास्तरांनी विचारलं, असं का? कर्नल म्हणाले, का ते माहीत नाही, पण उलट क्रमाने वाढलं तर ताट परत येतं.

मग आल्या वाचनालयाच्या बाई, काखेत जाडजूड पुस्तक घेऊन, ज्यात देशोदेशीच्या हुद्द्यांची रंगीत चित्रं होती. पुस्तक वाचनालयाबाहेर न्यायची परवानगी नव्हती. ती त्यांनी स्वतःच स्वतःला दिली होती. त्यांनी वाचून दाखवलं, की अमेरिकेत पूर्ण जनरलला चार चांदण्या, फ्रान्समध्ये पाच. ब्रिटनमध्ये तलवार आणि दंड एकमेकांवर आडवे. रशियात एकच, पण केवढी तरी. आणि स्वित्झर्लंडमध्ये शांततेच्या काळात जनरल नसतोच; युद्धाची वेळ आली की संसद एकाला निवडते.

"मग एरवी तो काय करतो?" मास्तरांनी विचारलं.

"एरवी तो नसतो."

मास्तरांची नजर, कारण नसताना, दुकानाच्या मागच्या दारातून सोफ्याकडे गेली. बाकीच्या देशांत जनरल निवृत्त झाला तरी मरेपर्यंत जनरलच, असं कर्नल सांगत होते. फुटबॉलवाला मात्र तेहतिसाव्या वर्षी माजी होतो, आणि पुढची चाळीस वर्षं माजीच राहतो. मास्तरांनी सुईत दोरा ओवला. तीनदा ओवावा लागला.

दुपारी ते अर्ज घेऊन परवानगीच्या कचेरीत गेले. तिथे एक खिडकी होती, खिडकीमागे एक कारकून, आणि कारकुनामागे छतापर्यंत एक तक्ता. तक्त्यावर जगातल्या सगळ्या लष्करांच्या सगळ्या जनरलांचे खांदे होते, हाताने काढलेले, हाताने रंगवलेले. कारकुनाने तो अकरा वर्षं खपून केला होता. मास्तरांना बघताक्षणी कळलं, की हा माणूस आपल्यासारखाच आहे, आणि म्हणून आपलं काही खरं नाही.

नियम एका ओळीचा होता. नाटका-सिनेमातला गणवेश कुठल्याही देशाच्या खऱ्या गणवेशासारखा हुबेहूब असता कामा नये.

"देश?" कारकून म्हणाला.

"कुठलाच नाही."

"रकाना आहे."

"पण देश नाहीये."

"रकाना तर आहे," कारकून शांतपणे म्हणाला, आणि तो प्रश्न बाजूला ठेवून त्याने खांद्यांचं चित्र मागितलं. मास्तरांनी एक चांदणी काढून आणली होती, साधी आणि सभ्य. कारकुनाने मान हलवली. एक चांदणी कितीतरी ठिकाणी आहे. काही देशांत ती जनरलची सगळ्यात खालची पायरी, आणि काही देशांत त्या जागी उभा असलेला ब्रिगेडियर जनरलांत धरतच नाहीत. त्याला जनरल म्हटलं तर वरचे रागावतात आणि नाही म्हटलं तर तो. मास्तर म्हणाले, मग दोन करतो. कारकुनाने न बघता बोट मागे नेऊन बरोबर फ्रान्सवर ठेवलं. तिथे जनरलकी दोनपासूनच सुरू होते.

बुधवारी मास्तर तीन चांदण्या घेऊन गेले. तीनला तर तक्त्यावर अख्खी ओळ होती. चार घेऊन गेले, तर कारकून नुसता हसला. तलवारी नेल्या, त्यावर इंग्रज बसलेले. पानं नेली, त्यावर जर्मन. सूर्यही कुणीतरी घेतलेला होता. शेवटी मास्तरांनी वैतागून खिडकीतच सहा चांदण्या काढल्या. कारकून चष्मा पुसून म्हणाला, की सहा अजून कुणी लावल्या नाहीत, पण एका देशाने एकदा कागदावर काढून बघितल्या होत्या.

"कागदावरच ना?"

"कागद आहे म्हणजे आहे," कारकून म्हणाला. वहीबद्दल मास्तर स्वतः हेच म्हणत आले होते.

घरी येऊन कळलं, की दिग्दर्शकाचाही निरोप होता: डाव्या खांद्यावर चारच हव्यात, कॅमेरा डावीकडून आहे, आणि चारपेक्षा जास्त केल्या तर माणूस दारूच्या बाटलीसारखा दिसतो. म्हणजे चार पाहिजेत म्हणणारा एक, आणि चार नकोत म्हणणारा एक. मधे मास्तर, तोंडात टाचण्या.

गुरुवारी सकाळी बटणवाल्याकडून पितळेच्या आठ चांदण्या आणल्या. कर्नल म्हणाले, लावून टाका, लष्करात आधी करायचं मग विचारायचं. वाचनालयाच्या बाई म्हणाल्या, चांदणी उलटी लावा. कचेरीत कारकून म्हणाला, उलटी एका देशात बडतर्फ झाल्यावर लावत असतील. नक्की माहीत नाही, म्हणून नाही. मग मात्र त्याला मास्तरांची दया आली असावी. तो म्हणाला, उद्या नऊ वाजता मी स्वतः जागेवर येतो, गणवेश अंगावर बघतो. साम्य नसेल तर शिक्का. असेल तर, मास्तर, माझा इलाज नाही. मास्तरांनी शेवटी कर्नलचं ऐकलं आणि दोन्ही खांद्यांवर चार-चार लावून टाकल्या.

"निदान आज अंगाला लावून तरी बघा," बाई संध्याकाळी म्हणाल्या. "कच्चं लावून बघायला काय जातं?"

"कच्चं नवीन गिऱ्हाइकाला," मास्तर म्हणाले. "हे जुनं माप आहे."

मुलगा त्या दिवसात तीनदा कापणीच्या टेबलापर्यंत येऊन परत गेला होता. तिन्ही वेळा मास्तरांनी बघितलं होतं. तिन्ही वेळा त्यांना वाटलं होतं, तो पाणी प्यायला आला असेल. माठ दुकानाच्या दुसऱ्या टोकाला होता.

शुक्रवारी पावणेआठला शूटिंगच्या जागी, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या खोलीत, मुलगा पडद्याआड कपडे बदलायला गेला. खोलीत आरसा, एक टेबल, एक खुर्ची, इस्त्री, आणि खिडकीपाशी तयार माणूस. तो खरोखरच तयार होता. मिशा त्याच्या स्वतःच्या होत्या. आजवर त्याने दोन न्यायाधीश, तीन पोलीसप्रमुख आणि एक बिस्किटाच्या जाहिरातीतला राजा केलेला होता. त्याचा गणवेश इस्त्री करून खुर्चीवर ठेवलेला, आणि त्यावर दोन वर्षांपूर्वीचा शिक्का. तेव्हा तक्ता लहान होता. त्याने मास्तरांना अदबीने नमस्कार केला, ज्याचा मास्तरांना शिव्यांपेक्षा जास्त त्रास झाला.

पडद्याआड कापड टरकल्याचा आवाज झाला. लहानसाच. पण ज्याने पस्तीस वर्षं कापड जोडलंय त्याला तो आवाज हाड मोडल्यासारखा ऐकू येतो.

मुलगा बाहेर आला. पँट डाव्या मांडीवर वीतभर उसवली होती. कोटाचा उजवा खांदा बाहीवर इंचभर पुढे आला होता, आणि तो ताठ उभा राहिला की उजवी खांदेपट्टी, चार चांदण्यांसकट, पक्ष्याच्या पंखासारखी वर उचलली जात होती. आरशात जनरल नव्हता. एक मोठ्ठा माणूस लहानपणीच्या कपड्यांत उभा होता.

दिग्दर्शकाने दारातून डोकं घातलं, बघितलं, घड्याळ बघितलं. नऊला तुमचा तो साहेब येणार, तोवर वेळ, असं म्हणून त्याने डोकं काढून घेतलं. तयार माणसाने हळूच आपल्या कोटावरची धूळ झटकली.

मास्तर वही आणायला विसरले नव्हते. ती पिशवीत होती. त्यांनी पिशवीत हात घातला, आणि वहीच्या खालची टेप बाहेर काढली.

"इकडे ये," ते म्हणाले. मधे कुणी नव्हतं, त्यामुळे हे थेट मुलालाच म्हटलं गेलं. दोघेही क्षणभर दचकले.

मास्तर खाली बसले. उजवी मांडी बावीस. सवयीने ते उठायला लागले, मग परत बसले आणि टेप डाव्या मांडीला लावली. चोवीस. त्यांनी पुन्हा लावली. चोवीसच.

"हे काय?"

"डाव्या पायाने मारतो ना, बाबा. चौदा वर्षं."

मास्तरांनी आतून डाव्या पायाची शिवण सोडली. सुदैवाने शिवणीत दोन बोटं जादा कापडाची माया ठेवलेली होती. कापडाच्या बाबतीत ते कधी हात आखडत नसत. गुडघ्याशी टेप आली. उजव्या गुडघ्यावर दोन लांब व्रण होते, आणि शिवणारा, मास्तरांच्या मते, फारसा चांगला नव्हता.

"हा टाका कुणी घातला?"

"डॉक्टरांनी. लीगच्या वरच्या विभागात गेलो होतो ना, तिथे. सात मॅच खेळलो वरच्या विभागात. आठव्या मॅचला हा गुडघा गेला."

"सातच?"

"सातच. पण वरच्या," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. पाहुण्याला घर दाखवावं तसं तो दाखवत होता.

मास्तर दोरा ओवून शिवायला लागले. डाव्या मांडीची शिवण मुलाच्या अंगावरच पुरी केली, मग उठून खांद्यामागे गेले. डाव्या खांद्याचं माप वहीतल्यासारखंच होतं. उजवा इंचभर आखूड होता. त्यांनी बोटाने चाचपलं. मानेजवळचं हाड एकदा मोडून एकावर एक बसलं होतं.

"आणि हे?"

"तिसऱ्या क्लबला असताना. मी पडलो, माझ्यावर गोलकीपर पडला. शंभर किलोचा."

"मग?"

"मग उरलेली वीस मिनिटं खेळलो. बदली खेळाडू संपले होते."

"घरी कळवलं नाहीस?"

"आईला कळवलं होतं."

मास्तरांना आठवलं. सहा-सात वर्षांपूर्वी बाई दहा दिवस बहिणीकडे गेल्या होत्या, बहिणीची कंबर धरली म्हणून. परत आल्या तेव्हा त्यांना बहिणीच्या तब्येतीबद्दल काही विचारलं की त्या खांद्याबद्दलच बोलायच्या. मास्तरांना तेव्हा वाटलं होतं, बाईमाणूस, गोंधळली असेल.

घड्याळात पावणेनऊ वाजून गेले होते. खांदा आत घेता येत होता, पण पट्टी आखूड केल्याशिवाय बसणार नव्हती, आणि आखूड पट्टीवर चार चांदण्या मावणार नव्हत्या. मास्तरांनी उजव्या पट्टीवरची शेवटची चांदणी उसवली. तीन उरल्या. पट्टी खांद्यावर अशी बसली, जशी ती त्याच खांद्यासाठी जन्मली होती. मग पस्तीस वर्षांच्या सवयीने त्यांचा कात्रीचा हात डाव्या खांद्याकडे वळला. एक बाजू केली की दुसरी तशीच.

कात्री चांदणीच्या दोऱ्याला टेकली, आणि दारात कारकून उभा होता. काखेत तक्त्याची घडी.

"थांबा," कारकून म्हणाला. "आहे तसं बघू द्या."

"अजून डावी बाजू राहिलीय," मास्तर म्हणणार होते. त्यांनी आरशात बघितलं. मुलगा ताठ उभा होता, आणि पहिल्यांदाच कुठलीही पट्टी उचलली जात नव्हती. त्यांनी कात्री खाली घेतली.

"झालंय," ते म्हणाले. "माप असंच आहे."

कारकुनाने तक्ता टेबलावर उलगडला. टेबल पुरेना, म्हणून तयार माणसाने उठून एक कोपरा धरला. डावा खांदा, चार. कारकुनाचं बोट आपोआप निघालं. उजवा खांदा, तीन. बोट थांबलं. ते एका देशावरून दुसऱ्यावर गेलं, समुद्र ओलांडून परत आलं, खालच्या छोट्या बेटांपर्यंत उतरलं. खोलीत इस्त्रीचा चटका बसलेल्या कापडाचा वास येत होता, कारण मास्तर ती बंद करायला विसरले होते. दिग्दर्शक दारात नखं खात होता. मुलगा दोन गोल खाल्ल्यासारखा उभा होता.

"सगळ्या जगात," कारकून शेवटी म्हणाला, "जनरलचे दोन्ही खांदे सारखे असतात." त्याने चष्मा काढला. "हा कुठल्याच देशाचा नाही."

त्याने शिक्का मारला. मग अर्जातल्या त्या रिकाम्या रकान्याकडे बराच वेळ बघून त्यात, अकरा वर्षांत पहिल्यांदा, एक आडवी रेघ ओढली. तयार माणूस आपला गणवेश घडी करून पिशवीत घालू लागला, आणि जाता जाता मुलाच्या पँटला लागलेला दोरा काढून गेला. माणूस वाईट नव्हता.

गच्चीवर मुलगा सव्वानऊला उभा राहिला. त्याने काहीच केलं नाही. फक्त खाली बघितलं, आणि खाली अंगणात उभे असलेले मास्तर, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं तरी, हात पाठीमागे घेऊन सरळ उभे राहिले. दिग्दर्शकाने नखं खायचं थांबवलं. मग म्हणाला, वर्षभराचा कागद उद्या पाठवतो.

मुलगा खाली आला तेव्हा मास्तर पायरीवर बसून वही मांडीवर घेऊन लिहीत होते. जुनं पान त्यांनी खोडलं नव्हतं. वहीत खोडायची पद्धत नव्हती. त्यांनी नवीन पान काढून त्यावर मधोमध एक उभी रेघ मारली होती आणि वर एकीकडे डावा, दुसरीकडे उजवा असं लिहिलं होतं. बरेच आकडे अजून भरायचे होते.

"रविवारी दुकानात ये," ते वहीतून मान वर न करता म्हणाले. "नीट माप घेतो."

"किती वेळ लागेल, बाबा?"

मास्तरांनी पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"इतरांना लागतो त्याच्या दुप्पट," ते म्हणाले.